जिन्याखालची न्हाणी

गेल्या आठवड्यात कुणीतरी मला एक रील पाठवली. मागे बासरी वाजतेय, कॅमेरा लातूरच्या एका नव्या घरात जिन्याखालच्या दारातून आत शिरतोय आणि मग सावकाश वर बघतोय. वर सागवानी फळ्यांचं छत. जुनं, काळपट, तेल पिऊन तुकतुकीत झालेलं. खाली अक्षरं येतात, 'छोट्याशा गेस्ट बाथरूमला वारशाचा स्पर्श'. नंतर घरमालक सुहास येतो, कडक इस्त्रीच्या कुडत्यात, त्या छतावरून हात फिरवतो आणि म्हणतो, "आम्हाला आमच्या मुळांशी जोडलेलं काहीतरी हवं होतं. कल्पना आमचीच."

आमचीच! मी तेव्हा एका साईटवर उभी होते. डोकं असं फिरलं की फरशी बसवणाऱ्या बिचाऱ्या माणसावर उगीच ओरडले. तो म्हणाला, "म्याडम, लेव्हल तर बराबर हाय." लेव्हल बरोबरच होती. बिघडलं होतं ते लातुरात.

त्या छताची एक फळीसुद्धा सुहासची नाही. ते लाकूड प्रयागाक्काचं. ती न्हाणी प्रयागाक्कानं भांडून मिळवली, आणि तिचं ड्रॉइंग मी काढलं, नांदेडच्या माझ्या आर्किटेक्टच्या ऑफिसात, आक्काच्या शिव्या खात खात. आक्का म्हणजे सुहासची सख्खी आत्या. आता ती नाही. माणूस गेलं की त्याचा वारसा होतो आणि त्याला बासरी लावता येते, एरवी त्याला बादली कुठे ठेवायची हेसुद्धा कुणी सांगत नाही. मला हे सहन होत नाही, म्हणून लिहिते आहे. सुहासनं वाचलं तर फार बरं होईल.

आक्का आणि माझी आई लोह्याजवळच्या एका आरोग्य केंद्रात नर्स होत्या. मी लहानाची मोठी त्या दोघींच्या पायात पायात झाले. आई शांत. आक्का म्हणजे उभा जाळ. उंच, हाडापेरानं दणकट, पांढरी साडी घोट्याच्या वर नेसलेली आणि पायात पुरुषी चप्पल, कारण बायकांच्या चपला तिच्या मते 'चालन्यासाठी नसत्यातच, दाखवन्यासाठी असत्यात'. ती चालायला लागली की समोरच्याला वाटायचं, आता ही कुणाला तरी धरायला निघाली. बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

नवऱ्याचं घर तिनं विशीतच सोडलं होतं. गावात कुणी तिच्याबद्दल 'टाकलेली' असं बोललं की ती रस्त्यात थांबून दुरुस्ती करायची. "मला कुनी टाकलं न्हाई. म्या टाकलं." आणि पुढे चालू पडायची.

तिच्या रागाचे दोन प्रकार होते. पहिला रोजचा. तो कुकरवर, एसटीच्या कंडक्टरवर, पांचट निघालेल्या टरबुजावर, रेडिओवर बातम्या देणाऱ्या माणसावर, कुणावरही निघायचा आणि चहा प्यायला की उतरायचा. त्याला आम्ही भीत नव्हतो. दुसरा राग क्वचित यायचा. तो आला की आक्का एकदम गप्प व्हायची आणि कपड्यांच्या घड्या घालायला बसायची. वाळलेले असोत नसोत, घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालायची, कडेला कड, कोपऱ्याला कोपरा. आई मला खुणेनं सांगायची, आज आक्काजवळ जाऊ नकोस.

असा राग मी पहिल्यांदा पाहिला तो आरोग्य केंद्रातल्या संडासावरून. बायकांसाठी बांधलेला संडास होता, पण त्याला कुलूप. चावी डॉक्टरसाहेबांच्या टेबलाच्या खणात. का, तर पेशंट लोक घाण करतात. बाळंतपणाला आलेल्या बाया मागच्या बाभळीकडे जायच्या. वर तालुक्याहून कुणी तपासायला आलं की संडास उघडायचा, फिनेल मारायचं, दाखवायचं, पुन्हा कुलूप. एकदा ओल्या बाळंतिणीला बाभळीजवळ चक्कर आली आणि ती पडली. आक्कानं तिला आत आणून निजवलं, टाके पाहिले, सलाईन लावलं. मग वॉर्डातल्या चादरींच्या घड्या घातल्या, सगळ्या. मग बाहेर जाऊन अर्धी वीट उचलली आणि कुलूप फोडलं. साहेब धावत आले. आक्का विटेचा तुकडा त्यांच्या हातात देत म्हणाली, "घ्या, हे सरकारी हाय. संभाळून ठिवा." तिची बदली झाली नाही, कारण तिच्याशिवाय तिथं अवघड बाळंतपणं करणारं कुणी नव्हतं. कुलूप मात्र पुन्हा लागलं नाही.

आता लाकडाचं सांगते.

आक्काचं माहेर किल्लारीजवळच्या एका खेड्यात. घर माळवदाचं. दगडामातीच्या भिंती, वर तुळया, तुळयांवर सागवानी फळ्या आणि फळ्यांवर मातीचा थर. आमच्याकडे सगळी घरं तशीच असायची. पावसाळ्याच्या तोंडाला माळवद कुठे गळेल असं वाटलं की लोक वर चढून पाटी पाटी नवी माती टाकायचे. जुनी कुणी काढायचं नाही. बापानं टाकलेल्या मातीवर पोरगा टाकायचा. घर उन्हाळ्यात गार राहायचं आणि सगळे म्हणायचे, काय दणकट माळवद आहे.

गणपती बुडवले त्या रात्री जमीन हलली, आणि त्या माळवदाखाली आक्काची आई गेली. आक्का लोह्याला ड्युटीवर होती. ती पोचली तेव्हा ढिगारा उपसणं चालू होतं. पुढे कितीतरी वर्षांनी, माझ्या आईच्या स्वैपाकघरात लसूण सोलता सोलता तिनं सांगितलं. "मायच्या तोंडावर एक फळी आडवी पडली व्हती. तोंडाला वरखाडा न्हाई बग. झोपल्यावानी. लाकडानं न्हाई मारलं तिला, मातीनं मारलं. आन् माती कुनी टाकली? आमीच. दर साली म्या बी चडायची पाटी घेऊन. माय खालून म्हनायची, बास कर गं, लई झाली. आमी ऐकतो व्हय."

त्यानंतर त्या भागात कुणालाच डोक्यावर लाकूड नको झालं. व्यापारी ट्रक घेऊन यायचे आणि सागवान मातीमोलानं उचलून न्यायचे. आक्काच्या भावानं, म्हणजे सुहासच्या वडिलांनी, नामदेवकाकांनी, तुळया देऊन टाकल्या. फळ्यांवर आक्का जाऊन बसली. अक्षरशः बसली, ट्रक जाईपर्यंत. शेतातला वाटा तिनं भावाला सही करून सोडून दिला होता, कारण चांगली बहीण तसंच करते असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. "जमीन घे म्हनलं. ह्या फळ्या मातर माज्या."

त्या फळ्या तिनं लोह्याला आणल्या. पुढे नांदेडला बदली झाली तेव्हा तिथं आणल्या. प्रत्येक भाड्याच्या घरात सामानाच्या आधी फळ्या चढायच्या. चार विटांवर फळ्या टाकून ती त्यावर झोपायची. मी विचारायचे, आक्का, पलंग का घेत नाहीस? "माज्या मायनं ह्या फळ्याकडं बगत आयुष्य काडलं. म्या पाट टेकली तर बिगडलं कुटं?"

ती निवृत्त झाली त्याच सुमारास लातुरात जाऊन राहिलेल्या नामदेवकाकांची बायको वारली. घरात बाई नाही म्हणून भावाला बहीण आठवली. आक्का फळ्यांसकट लातूरला गेली. तो उन्हाळा लातूरला पाणी रेल्वेनं आलं तो. टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभी राहायची ती आक्का, भांडून पहिला नंबर लावायची ती आक्का. बापलेकांना दोघांनाही रोज गरम भाकरी तिनं केली. सुहासचं लग्न तिनं लावून दिलं. मग सुहासनं जुनं घर पाडलं आणि नवं बांधलं.

मी ते घर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, खरं सांगते, मला कुणाची तरी कॉलर धरावीशी वाटली. या धंद्यात मी वाईट घरं खूप पाहिली आहेत, पण हे घर वाईट नव्हतं, ते उर्मट होतं. खाली मोठा हॉल, त्याला झुंबर. तीन बेडरूम, तिन्हींना आत बाथरूम. कॉमन बाथरूम नाही. सुहासचं म्हणणं, कॉमन म्हणजे चाळीसारखं वाटतं, सगळं अटॅच पाहिजे. एक बेडरूम नवराबायकोची, एक नामदेवकाकांची, एक होणाऱ्या मुलाची. आक्काला देवघराशेजारची खोली दिली होती, तिला नकाशात 'स्टोअर' म्हटलं होतं. आणि अंघोळीला? अंघोळीला परसात कामवालीसाठी काढलेली पत्र्याची न्हाणी. पासष्टीला टेकलेली बाई, डाव्या गुडघ्यात पाणी झालेलं, भल्या पहाटे हातात बादली घेऊन, पावसात डोक्यावर पोतं घेऊन अंगण ओलांडायची. नाही तर भावाच्या खोलीचं दार वाजवायचं. काका कडी काढायचे, पण काढताना असा सुस्कारा टाकायचे की आक्कानं ते दार वाजवणं सोडून दिलं.

पुढे सुनेच्या डोहाळजेवणाला सुनेचे आईवडील आले. सुनेचं नाव प्रणिता. तिच्या आईला जेवणानंतर बाथरूमला जायचं होतं. तिन्ही बेडरूममध्ये माणसं कपडे बदलत होती. शेवटी त्या भरजरी शालूतल्या बाईला परसातली पत्र्याची न्हाणी दाखवावी लागली. सुहासचं तोंड काळंठिक्कर पडलं. आणि त्याच संध्याकाळी मला आक्काचा फोन आला.

"ए पोरी, एक न्हानी काडून दे. जिन्याखाली जागा हाय. पाहुन्यासाठी."

"सुहास हो म्हणाला?"

"त्याचा बाप बी म्हनंल. इज्जत गेलीय त्येंची."

मी लातूरला जाऊन मापं घेतली. जिन्याखालची जागा एवढीशी, वर पायऱ्यांचा पोटाकडचा भाग तिरका उतरत आलेला. आक्का शेजारी स्टुलावर बसून सांगत होती आणि मी टिपत होते.

"नळ खाली घे. पाहुना बसून अंघोळ करनार हाय."

"शॉवर?"

"पाहुन्याला शावर आवडत न्हाई. डोक्यावर कुनी पानी टाकलं की त्याला भ्या वाटतं. बादली, तांब्या. बसाया दगडाचा कट्टा. उटताना धराया दांडी, डाव्या अंगाला."

"डाव्याच का?"

"पाहुन्याचा डावा गुडगा दुकतो."

"चष्मा ठेवायला कोनाडा?"

"मंग! पाहुन्याला चष्म्याबिगर तांब्या दिसत न्हाई."

मी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे बघितलं. ती जिन्याकडे बघत होती. मला हसू येत होतं. ज्या घरात ती भाकऱ्या थापत होती त्या घरात तिला स्वतःसाठी एक नळ मागता येत नव्हता, आणि न पाहिलेल्या पाहुण्यासाठी मात्र हक्कानं मागता येत होता. आपल्याकडे पाहुणा देव असतो. घरातल्या बाईला मात्र परसात पाठवतात.

"आक्का, सरळ सांग ना त्यांना."

"सांगून बगितलं एकदा. सुहास म्हनला, आत्या, तू काय घरचीच हाईस, तुला काय." ती स्टुलावरून उठली. "घरची हाय मनून तर ही गत."

छताची गोष्ट तिनं सगळ्यात शेवटी काढली. सुहासला पीव्हीसीच्या पट्ट्या हव्या होत्या, लाकडासारख्या दिसणाऱ्या. आक्का म्हणाली, "लाकडावानी कामून? लाकूड हाय की." आणि स्टोअरमधल्या आपल्या बिछान्याकडे बोट केलं.

न्हाणीत लाकडी छत म्हणजे आमच्या धंद्यात डोकेदुखी. वाफ, दमट, बुरशी. मी तिला पन्नास कारणं सांगितली. ती ऐकून घेत होती हेच नवल होतं. मग हळू आवाजात म्हणाली, "साबन तोंडाला लावला की डोळे मिटावं लागत्यात. मिटले की मला वरती काय हाय ते सुचू देत न्हाई. वर सिमेट हाय, ते आजून कदी पडलं न्हाई. म्हंजी पडनार हाय. ह्या फळ्या एकदा पडल्यात. आता न्हाई पडायच्या."

 मी ड्रॉइंगवर लिहिलं, सीलिंग, जुनं सागवान.

नांदेडहून मी आमचा सुतार रशीदभाई नेला. त्याची आणि आक्काची पहिल्या तासातच जुंपली. तिला फळ्या माळवदासारख्या अगदी चिकटून बसवायच्या होत्या, त्याला मध्ये फट ठेवायची होती.

"आक्का, लकडी सांस घेते. जागा न्हाई ठेवली तर फुगून बाहेर येईल."

"माज्या मायच्या घरात न्हाई फुगली."

"तिथं न्हात व्हते का माळवदावर?"

आक्कानं त्याच्याकडे असं बघितलं की मला वाटलं, गेला रशीदभाई. पण ती हसली. मोठ्यांदा. "ठिव बाबा फट. पन सारकी ठिव." पुढचे दिवस ती फळ्यांना जवसाचं तेल चोळत बसायची आणि रशीदभाई तिला सांगायचा, बास आक्का, पिऊन पिऊन मस्तीला येईल लकडी. फळ्यांवरून उठल्यामुळे ती जमिनीवर सतरंजी टाकून झोपत होती. प्रणितानं विचारलंसुद्धा नाही. मी विचारलं तर म्हणाली, "बिछाना वर चडलाय. व्हईल सवय."

न्हाणी झाली. मी आजवर केलेल्या कामांत ती मला सगळ्यात आवडते, आणि मी केली म्हणून नव्हे. खडबडीत काळी फरशी, दगडी कट्टा, उंचावर झरोका, त्यातून सकाळचं ऊन येऊन बरोबर छतावर पडायचं. शेवटी आरसा लावायला मी गेले त्या दिवशी सगळे बघायला जमले. सुहासनं फोटो काढले. नामदेवकाका "छान, छान" म्हणाले. आक्का नवा टॉवेल खांद्यावर टाकून आली होती. चुलीवर नाही, गॅसवरच, पण पितळी पातेल्यात तिनं पाणी तापवलं होतं. पहिली अंघोळ गीझरची नको म्हणून.

प्रणितानं दार ओढलं आणि कुलूप लावलं.

"आत्या, हे पाहुण्यांसाठी राहू दे ना," ती म्हणाली. आवाज अगदी गोड. "रोज वापरलं तर लाकूड खराब होईल. इतकं छान जुनं लाकूड." आणि चावी फ्रीजशेजारच्या खुंटीवर अडकवली.

मी तोंड उघडलं. मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सुहास म्हणाला, मॅडम, हा आमचा घरगुती विषय आहे. त्या घरात घरगुती विषय म्हणजे असा विषय, ज्यात आक्कानं बोलायचं नाही. मी अजूनही तो प्रसंग आठवला की दात खाते. ज्या लाकडावर ती वर्षानुवर्षं झोपली ते लाकूड आता तिच्या अंगावरच्या वाफेनं खराब होणार होतं!

आक्का भावाकडे वळली. नामदेवकाका सोफ्यावर बसले होते. त्यांनी पेपर उचलला. पेपरच्या मागून म्हणाले, "असू दे प्रयाग. लेकरांची हौस हाय. तुला मागची न्हानी हायच की."

आक्का त्या पेपरलाच म्हणाली,

"दादा, तू बी टाकलीस व्हय मातीची पाटी?"

काकांनी पेपर आणखी वर धरला. बाकी कुणाला काही कळलं नाही. आक्कानं गॅसवरचं पातेलं उतरवलं, पाणी मोरीत ओतून दिलं, पिशवी भरली आणि माझ्या गाडीत येऊन बसली.

नांदेडला आमच्याकडे ती काही आठवडे राहिली. पहिल्या दिवशी तिनं आमच्या घरातल्या सगळ्या कपड्यांच्या घड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी आईची कपाटं उपसून पुन्हा घातल्या. मग शेजारणीच्या दोरीवरचे कपडे आणले. आई मला खुणेनं तेच सांगत होती, लहानपणी सांगायची तेच. मी म्हटलं, आक्का, इथंच राहा, कायमची. तिनं मान हलवून नाही म्हटलं आणि पुढची घडी घातली. लातूरहून एकदा फोन आला, सुहासचा, आईच्या फोनवर. आत्या कधी येणार, स्वैपाकाचे हाल होतायत. आईनं, आयुष्यात आवाज न चढवलेल्या माझ्या आईनं, "हॉटेल नाही का लातुरात?" म्हणून फोन ठेवला.

एका रविवारी सकाळी आक्का ठेवणीतली पांढरी साडी नेसून तयार बसली होती. "चल, मला लातूरला सोड. आज सुहासचे सासू-सासरे यायलेत, बाळाच्या बारशाचं ठरवाया."

"मग आजच कशाला जातेस?"

"मनून तर जायचं."

वाटेत तिनं गाडी थांबवायला लावली आणि अर्धापुरी केळ्यांचा मोठा घड घेतला. लोह्यात पेढे घेतले. नवऱ्याचं घर सोडलं तेव्हासुद्धा काही न्यायला-द्यायला न बघणारी ही बाई, भाच्याच्या घरी पेढे घेऊन चालली होती. मी कारण विचारलं. "रिकाम्या हातानं जात असत्यात व्हय?" एवढंच म्हणाली.  नंतर झोपली.

त्या घराला आक्का कधी पुढच्या दारानं शिरल्याचं मला आठवत नाही. ती परसाच्या फाटकातून यायची, स्वैपाकघराच्या दारानं. त्या दिवशी ती पुढच्या पायऱ्या चढली, दांडी नव्हती तर माझा खांदा धरून चढली, चपला बाहेर नीट एकमेकींशेजारी काढल्या आणि बेल दाबली. बोट काढलंच नाही.

दार सुहासनं उघडलं. आत हॉलमध्ये झुंबराखाली त्याचे सासू-सासरे बसलेले. नामदेवकाका. मांडीवर बाळ घेतलेली प्रणिता.

"आत्या? बेल कशाला वाजवली? मागून यायचं ना."

"पाहुनी आलेय," आक्का म्हणाली. मोठ्यांदा, आतपर्यंत ऐकू जाईल असं. "नांदेडहून आलेय. पाय धुवाया पानी आना." आणि केळ्यांचा घड त्याच्या हातात दिला. तो घड एवढा जड होता की सुहासला दोन्ही हात लावावे लागले आणि दारातून बाजूला व्हावं लागलं.

कुणी हसेल असं मला वाटलं. कुणी हसलं नाही. आक्का उंबऱ्याबाहेर उभी. पाय धुतल्याशिवाय आत येईना.  शेवटी उठली ती प्रणिताची आई. तीच, जिला शालू सावरत पत्र्याच्या न्हाणीत जावं लागलं होतं. तिनं आतून तांब्या भरून आणला, आक्काच्या पायावर पाणी घातलं आणि म्हणाली, "या. लांबून आलात."

"लई लांबून," आक्का म्हणाली.

ती आत येऊन सोफ्यावर बसली. त्या सोफ्यावर मी तिला कधी बसलेली पाहिली नव्हती. पाणी प्याली. पेढे दिले. बाळाच्या हातात नोट ठेवली. मग गुडघ्यावर हात टेकून म्हणाली, "परवासात अंग लई आंबलंय. न्हाऊन घ्यावं म्हन्ते. पाहुन्याची न्हानी कुटं हाय?"

प्रणिता सुहासकडे बघत होती, सुहास केळ्यांकडे. सासरेबुवा म्हणाले, "अरे जावईबापू, दाखवा की." त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि म्हणूनच त्यांचं म्हणणं मोडता येत नव्हतं. प्रणिताच्या आईला मात्र कळलं असावं. लेकीकडे एकटक बघत ती म्हणाली, "पाहुण्या ताटकळल्यात. चावी दे."

तेवढ्यात नामदेवकाका उठले. हातात पेपर नव्हता. फ्रीजशेजारच्या खुंटीवरून त्यांनी चावी काढली आणि बहिणीसमोर धरली.  आक्कानं चावी घेतली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

"आत्या," प्रणितानं शेवटचं विचारून बघितलं, तोच गोड आवाज, "पण... किती दिवसांसाठी आलात?"

आक्का जिन्याखालच्या दारापर्यंत पोचली होती. पदराची गाठ न सोडता, वाकून, तिनं कुलपात चावी फिरवली. मग मागे वळून सुनेकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात, रोजचाही नाही आणि घड्या घालायचाही नाही.

"पाहुन्याला किती दिवस, असं इचारत असत्यात व्हय, माय?"

त्या दिवशी मला आक्का शेवटची दिसली ती तेव्हा. दारात उभी, चष्मा काढून हातात घेतलेला, मान मागे टाकून वर छताकडे बघत. मग ती आत गेली आणि तिनं आतून कडी घातली.